गच्चीवरची ताडपत्री

गच्चीवरची निळी ताडपत्री पाहताच, आजच गावी पोचलेल्या सम्यकच्या तोंडून शिवी निसटली. पर्जन्यमापक वरून खालपर्यंत गुंडाळलेला होता, सुतळीने करकचून बांधलेला, वर एक वीटही ठेवलेली. कोयत्याने सुतळी कापून त्याने आत पाहिलं. आत थेंब नव्हता.

“कोणत्या शहाण्याने केलं हे?” तो ओरडला.

शेजारी धाकूकाका कोसळलेल्या पडवीतून धड राहिलेली कौलं वेचत होते. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

परवाच्या वादळी पावसाने बोर्लीजवळची ही वाडी धुऊन काढली होती. भर मे महिन्यात असा पाऊस म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. पण हवामानाच्या अभ्यासात म्हाताऱ्यांचा शब्द चालत नाही, आकडा लागतो. त्या आकड्यासाठीच सम्यकने पुण्याच्या संस्थेतून यंत्र मागून घेऊन, याच उन्हाळ्यात स्वतःच्या घरावर बसवलं होतं. आसपास दुसरं यंत्र नव्हतं. धुरातल्या वायूंनी हवा तापते, तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि मग एकदम ओतते, हे तो मोठमोठ्या सभागृहांत पडद्यावर चित्रं दाखवून सांगत असे. टाळ्याही घेत असे. तोच पाऊस त्याच्या घरावर आला, तेव्हा यंत्र रेनकोट घालून उभं होतं.

गावाचा त्याला तसाही तिटकाराच होता. मिरगाचा पाऊस जवळ आला की या लोकांना झाकाझाकीचं वेड लागतं. लाकडं झाकतील, पंप झाकतील, स्वतःचं संपलं की दुसऱ्याचं झाकतील.

“अडाणी ते अडाणीच राहणार,” जिना उतरताना तो मोठ्याने म्हणाला.

त्याची आई, जयमाला, खाली ओटीवर तांदूळ निवडत होती.

“मीच बांदलं ते,” ती म्हणाली. “तूच म्हनलास ना, म्हागाचं हाय, सांभाळ. म्हनून पाऊस यायच्या आदी बांदलं.”

“आई, पाऊस मोजायचं यंत्र आहे ते! त्यात पाणी पडायलाच हवं!”

“व्हय?” तिचा सुपातला हात थांबला. “मी इचारलं व्हतं तुला, ह्ये काय करतं म्हनून. तू म्हनलास, तुला न्हाय कळायचं.”

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. सम्यकला खरोखर लाज वाटली.

तेवढ्यात पुण्याच्या संस्थेतून सरांचा फोन आला.

“किती झाला रे?”

“शून्य, सर. यंत्र झाकलेलं होतं.”

“झाकलेलं? पर्जन्यमापक?” सर हसले. “तुमच्या गावात एक तरी शहाणा माणूस आहे की नाही?”

आई गच्चीवर जाऊन ताडपत्री घेऊन आली होती. अंगणात ताडपत्री झटकून ती धाकूकाकांच्या उघड्या पडवीकडे चालली होती.

“आहे ना, सर,” तिच्या पाठीकडे बघत सम्यक म्हणाला. “एकच आहे. यंत्र त्यानेच बसवलंय.”