वयाचा रकाना

इस्लामपूर सोडलं आणि गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. उदयसिंहांनी मांडीवरच्या पिशवीतून चौघडी केलेला आलेखाचा कागद काढला, गुडघ्यावर उलगडला आणि लाल पेनाने एका ओळीवर आडवी रेघ मारली.

"गेलं काय?" पुढून नाथाजीने विचारलं.

"गेले नाहीत. तब्येतीमुळं राजीनामा दिलाय. सकाळच्या बातम्यांत होतं."

"म्हंजे एक जागा झाली की, साहेब."

"शेजारच्या राज्यपालाकडं जादा कारभार देतात. तू हॉर्न वाजव."

नाथाजीने हॉर्न वाजवला. ट्रॉलीवाल्याच्या स्पीकरवर गाणं चालू होतं, त्याला काही ऐकू आलं नाही. सव्वीस वर्षं साहेबांची गाडी चालवून नाथाजीला अर्धी राज्यघटना पाठ झाली होती. राज्यपाल व्हायला पस्तीस वर्षं पूर्ण लागतात आणि वरची मर्यादा नाही, हे तो पानटपरीवर लोकांना ठासून सांगत असे.

तक्त्यात देशातल्या सगळ्या राज्यपालांची नावं होती. राज्य, नाव, वय, शपथेची तारीख, पाच वर्षं कधी भरतात. नायब राज्यपाल मागच्या बाजूला. चार वर्षं उदयसिंह हा कागद खोडत आणि लिहीत होते. हा चौथा कागद. पण गणित काही जुळत नव्हतं. मुदत पाच वर्षांची खरी, पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत. आणि पाच वर्षं भरली तरी पुढचा येईपर्यंत आहे तोच बसून. कुणाला वर्षाच्या आत उचललं जायचं, तर कुणी मुदत संपून महिने उलटले तरी हलायचा नाही. उदयसिंहांचा खरा जीव होता तो वयाच्या रकान्यावर. आपल्यापेक्षा मोठे किती, हे ते रोज सकाळी चहाआधी मोजत. आकडा कमी कमी होत चालला होता. सगळ्यात खाली त्यांनी पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलं होतं. बाकीचे रकाने रिकामे, फक्त वय भरलेलं. तिथले शहात्तर त्यांनी आज सकाळी रबराने पुसून चौऱ्याहत्तर केले होते.

पाटणच्या बाजूचे ते दोनदा आमदार झाले, दीड वर्ष राज्यमंत्री होते, मग पडले आणि सांगलीला विश्रामबागेत बंगला बांधून राहिले. चार वर्षांपूर्वी एका मेळाव्यात दिल्लीच्या नेत्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, तुमच्यासारख्या माणसाची जागा राजभवनात. झालं. तेव्हापासून हा माणूस देव पाण्यात घालून बसला होता. बंद गळ्याचे दोन कोट शिवून झाले. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं, कारण ऐन वेळी बोलावणं आलं तर शपथ घ्यायला वॉकर घेऊन कोण जाणार? बायकोने, संयोगिताबाईंनी, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणून पाहिलं, ते लागू पडेना म्हणून त्या बेळगावला लेकीकडे राहायला गेल्या. आठवड्यातून एकदा फोन करून विचारत, "काय, आली का वरात?"

आणि चार दिवसांपूर्वी दिल्लीहून खरंच फोन आला. नावं चाललीत, सोमवारपर्यंत बायोडेटा पाठवा. फक्त एक अडचण आहे, पंचाहत्तरीच्या पुढचं नाव यावेळी कुणी घेत नाही. तसं कुठं लिहिलेलं नाही, पण घेत नाहीत.

कागदावर उदयसिंहांचा जन्म एक जून एकोणपन्नासचा. आता एक जून हा काही त्यांच्या एकट्याचा वाढदिवस नव्हता. आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी शाळेचा महिना बघून एक जून ठोकून देत. त्यांच्या वर्गातल्या बावीस पोरांपैकी एकोणीस एकाच दिवशी जन्मली होती. दर एक जूनला जिल्ह्याचे पेपर शुभेच्छांच्या जाहिरातींनी भरतात, ते त्यामुळेच. उदयसिंह भाषणात नेहमी सांगायचे, "गुरुजींनी मला दोन वर्षं चढवून शाळेत घेतलं, म्हणून मी लवकर म्हातारा झालो!" लोक हसायचे. इतक्या वेळा सांगून आता त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता.

विश्रामबागेतल्या आर्जव वकिलांनी तोड काढली होती. शाळेचा दाखला या वयात बदलून मिळायचा नाही. पण रक्ताच्या, वडीलधाऱ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र बायोडेटाला जोडता येईल. असं वडीलधारं आता एकच माणूस उरलं होतं. आक्का.

पाटणच्या पुढे नऊ किलोमीटर आत, आक्काच्या घरी पोचायला तीन वाजून गेले. उदयसिंहांची थोरली बहीण लीलाबाई घराच्या पुढच्या सोप्यात पोत्यावर बसून वाळलेला घेवडा सोलत होती. घरातली सगळी माणसं रानात गेली होती. तिने मान वर केली, डोळ्यांवर हात धरला आणि ओळखलं.

"आरं, उदय. दोन वरसं झाली की रं. बस, भाकरी टाकते."

"नको आक्का. पाटणला नोटरी पाचला उठतात, त्याच्या आत पोचायचंय. तुझा एक अंगठा पाहिजे."

"घे की. जिमिनीचा हाय?"

"नव्हे. माझ्या जन्माचा."

ती हसली. उदयसिंह बसले, मोबाइल बघितला, रेंज नव्हती म्हणून उठून अंगणात गेले, परत आले. खुर्ची होती, पण त्यांना तिच्यात टेकवेना. मग उभ्यानेच त्यांनी तिला सगळं सांगितलं. दिल्ली, फोन, पंचाहत्तर.

"राज्यपाल म्हंजे रं काय असतंय?"

"राज्याचा सगळ्यात मोठा माणूस. राजभवनात राहतो."

"किती दिस?"

"पाच वर्षं. मर्जी असेपर्यंत."

"कुनाची मर्जी?"

"वरच्यांची."

"आनि मग?"

"मग घरी."

"बरं," आक्का म्हणाली. "वाच, काय लिवलंय ते."

उदयसिंहांनी चष्मा लावला आणि सभेत ठराव वाचावा तसं भरभर वाचायला सुरुवात केली. मी, श्रीमती लीलाबाई, वय वर्षे चौऱ्याऐंशी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, उदयसिंह हे माझे सख्खे धाकटे बंधू असून त्यांचा जन्म माझ्या समक्ष, राहते घरी, सन एकोणीसशे एक्कावन्न साली भाद्रपद महिन्यात झाला.

"भादवा बरुबर हाय," आक्का म्हणाली. "गौरी जेवत हुत्या."

"...सदर प्रतिज्ञालेखिका निरक्षर असल्याने त्यांना मजकूर वाचून दाखविला असून तो मान्य असल्याने त्यांनी डाव्या हाताचा अंगठा..."

"थांब. ते निर काय?"

"निरक्षर. म्हणजे लिहिता-वाचता येत नाही."

"कुनाला?"

"तुला."

तिने दोन शेंगा सोलल्या. दाणे सुपात टाकले, फोलकटं बाजूला सारली. उदयसिंहांनी पिशवीतून शाईचं पॅड काढून तिच्यासमोर ठेवलं आणि झाकण उघडलं. घड्याळात पावणेचार झाले होते.

"एक्कावन म्हंजे झेंड्याच्या सालानंतर किती?" तिने विचारलं.

"स्वातंत्र्यानंतर? चार वर्षं."

आक्का बोटांची पेरं मोजायला लागली. दोनदा मोजली.

"झेंड्याच्या साली मी पैलीत हुते. साळंत पेढा दिलता. फुडच्या साली दुसरी. त्याच्या फुडच्या साली तिसरीचं पुस्तक आनलं, त्याला खाकी कागदाचा पुठ्ठा घातला, आनि गौरीला तू झालास. आई दीड वरीस हातरुणावरनं उठली न्हाई. तुला घ्यायला कोन न्हाई. बा म्हनला, लीले, पाटी ठेव."

आक्काने आपल्याला कडेवर वाढवलं, हे उदयसिंहांना माहीत होतं. पण ती त्याआधी काही करत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. त्या काळी मुली शिकत नसत, असं ते धरून चालले होते. बायोडेटाच्या दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, घराण्यातील शाळेत गेलेली पहिली व्यक्ती. ते वाक्य त्यांनी पंचवीस-तीस भाषणांत वापरलं होतं.

"मग पुस्तकाचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तूच फाडलंस की. रांगाया लागल्याव."

ती परत घेवड्याकडे वळली आणि मग, रेशनवर किती गहू आले असं विचारावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "आता तू म्हनतूस तू एक्कावनचा. तर मला दोन वरसं गावली. तिसरी झाली, चौथी बी झाली. मग मी निरक्षर कशी?"

उदयसिंह सभेतलं हसले. ते हसू सोप्यात फार टिकलं नाही.

"आक्का, हे नुसतं कागदावर असतं."

"मी बी कागदावरचंच म्हनते. लिव, चौथी पास."

दारात नाथाजी येऊन उभा राहिला. "साहेब, चारला दहा कमी हायती."

"आलो," उदयसिंह म्हणाले. चार वर्षांची वाट एका म्हातारीच्या हट्टापाशी येऊन अडावी, याचा त्यांना राग आला, आणि राग आला याची लगेच लाजही वाटली. लिहून टाकावं, तिचं समाधान होईल, अंगठा घेऊन निघता येईल. नोटरी ओळखीचाच होता, खाडाखोडीवर सही करून दिली असती. त्यांनी कागद भिंतीला लावला, निरक्षर शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं, चौथी पास.

"दाव."

त्यांनी तिच्या हातात कागद दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. अजून ओल्या असलेल्या शाईच्या जरा खालून बोट फिरवलं.

"ह्यो 'च' हाय. कळतोय मला." बराच वेळ ती त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. नंतर कागद परत पुढे केला. "आता खोड."

"का?"

"झाली न्हाई रं ती. न जाता पास कशी हुईन मी? तिसरीत तीन म्हैनं गेले. तेवढं हाय ते लिव."

त्यांच्या जन्मसालाबद्दल ती काही बोलली नाही. पॅडकडे एकदा बघितलं, डाव्या हाताचा अंगठा पदराला पुसून तयार ठेवला आणि उजव्या हाताने शेंगा निवडायला लागली.

उदयसिंह पहिल्यांदाच खाली बसले. गुडघा कडकडला. त्यांनी चौथी पास खोडलं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, इयत्ता तिसरी, तीन महिने. पेन उचललं, पण कागद तिच्यापुढे सरकवला नाही. विधानसभेत भल्याभल्यांना शब्दांत अडकवलेला हा माणूस. वाट त्याला दिसत होती. पाटणला झेरॉक्सच्या दुकानात पाच मिनिटांत नवा कागद छापून मिळाला असता, निरक्षर जसंच्या तसं. कोऱ्या जागेवर आत्ताच अंगठा घेऊन ठेवला तरी भागलं असतं. आक्काने दिला असता. न वाचता, न विचारता दिला असता. हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि तेच त्यांच्याने सोसेना.

त्यांनी पेन वरच्या ओळीत नेलं. एक्कावन्नवर रेघ मारली. वर एकोणपन्नास लिहिलं, आणि इतक्या खाडाखोडीचा कागद आता दिल्लीला काय, पाटणलासुद्धा चालणार नाही, हे बघत बसले.

"झालं?" आक्काने विचारलं.

"झालं. तुझी तिसरी लिहिली. माझं साल एकोणपन्नास केलं."

पॅडचं झाकण तिने लावलं आणि ते त्यांच्याकडे सरकवलं.

"ह्ये नगं. पेन दे."

पेन तिने मुठीत धरलं, मग सोडून बोटांत धरून बघितलं. घेवड्याचं सूप बाजूला करून कागद फरशीवर ठेवला आणि वाकून 'ली' काढायला घेतला. वेलांटी लांब जाऊन कागदाबाहेर, फरशीवर गेली. तिने ती बोटाने पुसली आणि पुन्हा सुरुवात केली.

"साहेब," नाथाजी अंगणातून म्हणाला, "साडेचार व्हतील आता. नोटरी उठतील."

"उठू देत," उदयसिंह म्हणाले, आणि कागद हलू नये म्हणून त्याचं वरचं टोक त्यांनी दोन बोटांनी दाबून धरलं.