सहावी गोधडी

मंजुळाचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचा दीर महिपती भिवंडीला यंत्रमागावर होता. त्याने निरोप पाठवला की शिमग्याला येईन तेव्हा वहिनीला घेऊन जाईन, आपल्या पोरांना सांभाळायला घरात माणूस हवंच आहे. मंजुळाला जायचं नव्हतं. सासरे हैबती मात्र म्हणत होते की जाऊ दे. ते वाईट माणूस नव्हते. म्हाताऱ्याने आपल्या चुलीसाठी तरणी सून अडकवून ठेवली, असं वाडीने म्हणू नये, एवढीच त्यांना धास्ती होती.

आमची वाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. मी मंजुळाची शेजारीण, तांदूळ विकायला महाडला जायची, तिथे झुबेदाची ओळख झाली. तिचा नवरा फुरकान आखातात होता आणि ती घरी बसून झंपर शिवायची. तिचा भाऊ झकेरिया महाबळेश्वरच्या लॉजना टेम्पोने भाजी पोचवायचा. एका लॉजच्या मालकीणबाईंना खोल्यांसाठी हाताने शिवलेल्या सहा गोधड्या हव्या आहेत, हे झुबेदाने त्याच्याकडूनच ऐकलं आणि माझ्या कानावर घातलं. मी मंजुळाला सांगितलं. तिने त्याच संध्याकाळी सासऱ्यांकडे पडवी मागितली.

हैबतींनी पडवी दिली, पण अट घातली. बाईंनी माल घेतला आणि पुढचं काम दिलं तर मंजुळा राहील, नाही तर शिमग्यानंतर महिपतीबरोबर जाईल. गोधडी शिवणं हे काही काम आहे, हे त्यांना पटतच नव्हतं. बायका ते उन्हाळ्यात बसल्या बसल्या करतात, असं ते म्हणायचे.

आम्ही चौघी होतो. मंजुळा, वाडीतलीच ललिता, मी आणि झुबेदा. झुबेदा महाडच्या शिंप्यांकडून चिंध्यांचं गाठोडं घेऊन सकाळच्या एसटीने यायची. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, वर चिंध्यांचे चौकोन मांडायचे, आणि चार बाजूंना चौघींनी बसून कडेपासून टाके घालत मध्याकडे सरकायचं. झुबेदाचा टाका एकदम बारीक. ललिता तिला म्हणाली, "तुझ्या टाक्याला चष्मा लावून शोधायला लागतं गो." झुबेदा म्हणाली, "आणि तुझ्या टाक्यात माझ्या पायाचं बोट अडकतं." पहिल्या गोधडीला एक बाजू आवळलेली आणि एक बाजू सैल, असं झालं. ती उसवून पुन्हा घातली. मग आम्ही दर फेरीला जागा बदलू लागलो. त्याने टाके मिसळले आणि गोधडी सपाट बसू लागली.

शिमग्याला आठ दिवस उरले असताना सहावी संपली. झुबेदाचं पोर आजारी होतं म्हणून ती दोन दिवस आली नव्हती. तेवढ्यात आम्ही आमची रीत केली. आमच्या वाडीत कोरी गोधडी घराबाहेर देत नाहीत. लेकीला सासरी द्यायची असली तरी आधी घरच्या वडीलधाऱ्या माणसाने तिच्यावर एक झोप घ्यायची. मग ती ऊबदार होते, असं मानतात. आम्ही सहा घरांत सहा गोधड्या दुपारच्या अंथरल्या. माझी सासू प्रयागबाई तर दोन दुपारी झोपली. पहिल्या दिवशी झोप नीट लागली नाही म्हणाली. सगळ्यांत देखणी सहावी होती, ती मंजुळाने सासऱ्यांना घातली. विकायच्या मालाला कसला मान, असं पुटपुटत ते तिच्यावर आडवे झाले.

झुबेदा परत आली त्या दिवशी गोधड्या बांधायला घेतल्या. सहावी उलगडली तर मधोमध बिडीने जळलेलं भोक. दोन बोटं जातील एवढं. घडी मुद्दाम अशी घातलेली की ते आत राहावं. बाहेर खाटेवर बसलेल्या हैबतींनी मान फिरवली.

झुबेदाने विचारलं हे झालं कसं, तेव्हा मी रीत सांगितली. तिने कपाळावर हात मारला. "काकी, बाईंनी कोऱ्या मागितल्यात. आणि तुमी सहा म्हातारे निजवलेत?"

आम्हाला ते सुचलंच नव्हतं. कोरी वस्तू देणं म्हणजे अर्धवट देणं, अशीच आमची समजूत. ललिता म्हणाली की भोकावर चौकोन लावू, कुणाला कळतंय. दुसरी शिवायला दिवस नव्हते. सगळ्यांनी मंजुळाकडे पाहिलं, कारण जायचं झालं तर तिलाच जायचं होतं.

ती म्हणाली, "नको. मी बाईंना सांगणार. लपवून काम मिळालं तर दर गोधडीला लपवायला लागंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी एसटीला उभ्या होतो, मंजुळा, झुबेदा आणि मी. मागून हैबती आले. सहावी गोधडी त्यांनी गाठोड्यातून काढून स्वतःच्या काखेत घेतली. मग आमच्या आधी एसटीत चढले.

मालकीणबाई म्हाताऱ्या होत्या. पाची गोधड्या त्यांनी उजेडात धरून टाके पाहिले. मंजुळाने रीत सांगितली तशा त्यांनी भुवया वर केल्या. मग हैबतींनी सहावी त्यांच्यापुढे उलगडली.

"भोक मी पाडलंय," ते म्हणाले. "बायांची चूक नाय. झोप म्हणाल्या, झोपलो. एवढी झोप लागली की बिडी हातात हाय, ह्याचंच भान ऱ्हायलं नाय."

बाईंना हसू आलं, तरी त्यांनी ती गोधडी घेतली नाही. पाच ठेवल्या, धुऊन वापरीन म्हणाल्या. पावसाळ्याआधी आणखी दहा हव्यात, पण त्यांवर कुणीही झोपायचं नाही, हे त्यांनी मंजुळाला दोनदा बजावलं.

उतरताना मी हैबतींना विचारलं, "भावजी, खरंच झोप लागली होती, का मुद्दाम?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "मुद्दाम असतं तर घडी कशाला घातली असती? पोरीचं काम माझ्या हातनं गेलं, तोंड दाखवू कसं, असं झालं होतं."

शिमग्याला महिपती आला. भावजयीचं सामान बांधलेलं नाही हे पाहून त्याने बापाला विचारलं. हैबती म्हणाले, "ती नाय येत. हितं काम हाय तिचं."

"कसलं काम?"

"पडवीत जाऊन बघ. टाक्यांवर पाय देऊ नको म्हंजे झालं."

महिपती दाराशी गेला. नवी गोधडी अंथरलेली होती आणि आम्ही चार बाजूंना बसलो होतो. आत जायला वाट नव्हती. कुणी उठलं नाही. तो वळला आणि अंगणात खाटेवर जाऊन बसला. मंजुळाने हातातली फेरी पुरी केली आणि त्याला पाणी द्यायला उठली.