आमदारांचा कर्णा

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. अरुंद टोकाला तोंड लावायचं आणि रुंद टोकातून गावभर ओरडायचं, एवढंच माझं काम. माझ्यात वीज नाही, वायर नाही. अंगावर एक मोठा पोचा आहे आणि आवाजही जरा फाटका आहे. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. मला राग येतो.

माझा जन्म जालन्याच्या बाजारात झाला, तोही रॉकेलच्या डब्यातून. स्वातंत्र्यानंतरची पहिली निवडणूक तोंडावर आली होती. भोकरदनकडचे शेतकरी धर्मराजभाऊ आमदारकीला उभे होते. निजामाच्या राज्यात तुरुंगात जाऊन आलेला हा माणूस. मान मोठा, पण पदरी पैसा नाही. समोरच्या उमेदवाराने मोटारीवर लाउडस्पीकर बांधला होता. भाऊंचे स्नेही, व्यापारी बद्रीनारायण यांनी दुकानातला रिकामा डबा पुढे केला. "भाऊ, मोटार द्यायची माझी ऐपत न्हाई. ह्याचा कर्णा करून घ्या. डबा बिलकुल मजबूत आहे." कारागिराने डबा कापला, वळवला, सांध्याला कथलाचा डाग दिला, आणि मी तयार झालो.

आम्ही बैलगाडीने आणि पायी फिरलो. धावड्याजवळच्या एका गावात त्या मोटारवाल्यांचीही सभा होती. त्यांची बॅटरी ऐन भाषणात बसली आणि उमेदवाराचे नुसते ओठ हलू लागले. मला झालेला आनंद मी लपवत नाही.

त्याच गावाच्या कुसाबाहेर रखमाजी येसकर राहत होता. गावची दवंडी तोच द्यायचा. पाटलाचे किंवा सरकारचे शब्द गावभर ओरडायचे आणि सुगीला बलुत्याचं धान्य घ्यायचं, असा त्याचा जन्म चालला होता. भाऊंनी त्याच्या वस्तीत सांगितलं, की मी या गावाला सरकारी विहीर मिळवून देईन. तेव्हा रखमाजीची बायको तुळजाबाई पुढे आली.

"इहीर व्हईल, भाऊ. पन आमाला काय त्याचं? आताबी आमी घागर घिऊन लांब बसतो. कुनाला दया आली तं पानी वततो, न्हाई तं तसंच वापस. नव्या इहिरीचा दोर आमच्या हातात देता का?"

भाऊंनी मला तोंडाला लावलं. एवढ्याशा वस्तीत बोलायला कर्ण्याची गरज नव्हती. पलीकडे गावाला ऐकू जावं, म्हणूनच लावलं. "पहिला दोर तुळजाबाईच्या हातात देईन! न्हाई दिला, तर मला आमदार म्हणू नका!"

भाऊ निवडून आले आणि हैदराबादच्या विधानसभेत गेले; आपला भाग तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. तिथे त्यांना मायक्रोफोन मिळाला आणि मला घरची खुंटी. मी धुसफुसत लटकत राहिलो. पण खोटं बोलणार नाही, माणसाने काम केलं. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून त्यांनी शाळेला खोल्या आणल्या, दवाखाना आणला, आणि शेवटी ती विहीरही मंजूर करून आणली. काळा पाषाण फोडून पाणी लागलं.

मग गावचे कडूबा पाटील भाऊंच्या घरी आले. मागच्या वेळी गावाची मतं त्यांच्याच शब्दावर पडली होती.

"पूजा थाटात करू, भाऊ. पन वस्तीला लांब राहू द्या. गाव फिरलं तं पुढच्या निवडणुकीत तुमी घरी बसाल. बराबर सांगून राह्यलो."

भाऊंनी एकदा खुंटीवर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बघू." मित्रांनो, मी पत्र्याचा, तरी मला लाज वाटली. पाटलांनी ते 'बघू' होकारातच घेतलं. खुंटीवरून मला काढून त्यांनी गावी नेलं आणि दवंडीसाठी रखमाजीच्या हातात दिलं.

"उद्या सकाळी नव्या इहिरीची पूजा हाये होऽऽ! आमदारसाहेब येनार हायेत होऽऽ!" रखमाजी ओरडत मारुतीच्या पारापाशी आला. वस्तीने लांब उभं राहावं, पाणी वरून वाढलं जाईल, असे पुढचे शब्द पाटलांनी पढवून ठेवले होते. रखमाजी थांबला. त्याचा श्वास माझ्या गळ्यात गरम लागत होता.

"पुढची दवंडी म्या देनार न्हाई!" तो माझ्यातून गरजला. "ह्याच कर्ण्यातून आमदारसाहेबांनी सांगितल्तं, पहिला दोर तुळजाच्या हातात. साऱ्या गावानं ऐकल्तं. उद्या तुळजा पानी काढायला येनार हाये!"

पाटलांनी मला हिसकावून पाराच्या दगडावर आपटलं. माझा पोचा तो हाच. रखमाजीने मला उचलून वस्तीत नेलं. पण सुटलेला शब्द कुणी परत आणायचा?

दुसऱ्या दिवशी विहिरीवर सारं गाव जमलं. एका बाजूला पाटलांची माणसं काठ्या घेऊन उभी होती. दुसऱ्या बाजूला घागर घेऊन तुळजाबाई आणि तिच्यामागे मला छातीशी धरून रखमाजी. भाऊंनी दोन्हीकडे पाहिलं. दोर दिला तर काय जाणार, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी दोर उचलला आणि तुळजाबाईच्या हातात दिला.

"घ्या, बाई. मी कचरलो, माफ करा."

तुळजाबाईने घागर विहिरीत सोडली आणि भरून वर ओढली.

"संपली तुमची आमदारकी!" पाटील ओरडले.

"बरं," भाऊ म्हणाले.

आणि खरंच संपली. पुढच्या निवडणुकीत गाव फिरलं आणि भाऊ पडले. रखमाजीचं बलुतं तर त्याच दिवशी बंद झालं होतं. तो सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला. निकालानंतर भाऊ पायी वस्तीत आले. तुळजाबाईने तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, "पस्तावा होतो का, भाऊ?"

"हरल्याचं वाईट वाटतं. पण दोर दिला नसता, तर निवडून येऊनही इथं कोणत्या तोंडानं आलो असतो?" भाऊ म्हणाले, आणि जाताना मला रखमाजीकडेच ठेवून गेले.

परवा स्वतः कडूबा पाटील वस्तीत आले. "दवंडी द्यायची हाये. कर्णा दे."

रखमाजी जागचा हलला नाही. "आधी काय सांगायचं ते सांगा, पाटील. पटलं तं देतो."

पाटलांनी दारात उभं राहून सगळी दवंडी म्हणून दाखवली. गुरांना टोचायला डॉक्टर येणार होते, वस्तीचीही गुरं आणायची होती. रखमाजीने ऐकून घेतलं आणि मगच मला खुंटीवरून खाली काढलं.

मित्रांनो, मला घासूनपुसून शोभेला ठेवू नका. गंज चढणार नाही, एवढी काळजी घ्या आणि बोलायला खुशाल न्या. फक्त हात लावण्याआधी सांगा, काय बोलणार आहात?