ठकी सेट झाली

मित्रांनो, मी एक जुना सेट आहे. कसला सेट, असं तुम्ही लगेच विचाराल, आणि विचारायलाच हवं. कारण हा इंग्रजी शब्द मोठा उपद्व्यापी आहे. पाहुणा म्हणून आला आणि घरातल्या प्रत्येक खोलीत पथारी पसरून बसला. आमच्याच घरात बघा. कपाटात चहाचा सेट, बेसिनजवळच्या वाटीत मालकांच्या दातांचा सेट, उशाशी सेट केलेला गजर. मालकीणबाई बाहेर निघाल्या की आरशासमोर केस सेट करतात, तेवढ्यात मालकांचं घोरणं सेट होतं. मी मात्र रेडिओ. माझ्या काळी रेडिओला लोक सेटच म्हणत.

मालकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुसऱ्यांचे सेट दुरुस्त करता करता उरल्यासुरल्या भागांतून त्यांनी मला स्वतःसाठी घडवलं. पेटीच्या फळ्या सरसाने चिकटवल्या, दोरीने आवळल्या आणि मला कोपऱ्यात ठेवून दिलं. त्यांचा एक नियम होता. "सरस सेट होईपर्यंत हात लावायचा नाही. घाईने हलवलं की जोड कायमचा कच्चा राहतो." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घात केला.

मालकांना एकच मुलगी. दिवसभर हातोडी घेऊन ठकठक करायची, म्हणून तिचं नाव पडलं ठकी. एकदा माझ्या पाठीचा पुठ्ठा सुटला, तर तिने हौसेने खिळा ठोकला आणि तो वाकडा गेला. मालकांनी कपाळाला हात लावला, पण खिळा काही काढला नाही. तो अजून माझ्या पाठीत आहे.

तेव्हा माझा आवाज खणखणीत होता. संध्याकाळी माझ्यावर इंग्रजीचा धडा लागायचा आणि बापलेक कामाच्या मेजावर कोपरं टेकून ऐकायचे. एकदा धडा देणाऱ्या गुरुजींनी नेमका हाच शब्द घेतला. ठेवणं म्हणजे सेट, घट्ट बसणं म्हणजे सेट, सूर्य मावळतो तोही सेट, आणि पुढे एक चिमुकला शब्द जोडला की प्रवासाला निघणंही सेट!

"बाबा, बसायचं पण सेट आणि निघायचं पण सेट?" ठकी म्हणाली. "मग माणसाने करायचं काय?"

"आधी बसायचं," मालक म्हणाले. "निघायचं नंतर बघू."

पण ठकीला पहिल्यापासून निघण्याचीच घाई. पुढे लोकांनी रेडिओ दुरुस्तीला आणणं सोडलं. माझ्या आतले दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह, गेले, तसे दुसरे कुठे मिळेनात, आणि मी मुका झालो. दुकान बंद पडलं. मला घरी आणून टेलिफोनशेजारच्या फळीवर ठेवलं. ठकी लांबच्या शहरात नाटकांचे देखावे उभे करायच्या कामाला लागली. आज काम आहे तर उद्या नाही. दर फोनला मालक एकच विचारायचे, "कधी येतेस?" ती म्हणायची, "येईन हो, बाबा." एवढ्या बोलण्यावर आमचं घर पुढचा फोन येईपर्यंत तग धरायचं.

मग एके दिवशी फोन वाजला. पलीकडे ठोकाठोक चालली होती आणि मालकांचे कान तोवर निम्मे गेले होते. ठकी ओरडून म्हणाली, "बाबा, मी सेटवर आहे! नंतर बोलते!" मी शेजारीच होतो, मला स्वच्छ ऐकू आलं. मी जन्मभर नाटकं ऐकवली, सेट म्हणजे नाटकाचा देखावा हे मला ठाऊक. मालकांनी मात्र रिसीव्हर ठेवला तोच मुळी डोळे पुसत.

"अगं, ऐकलंस का? ठकी सेट झाली!"

"सेट म्हणजे? नोकरी पक्की?"

"पक्कीच! स्वतःच्या तोंडाने म्हणाली."

लगेच कपाटातला चहाचा सेट निघाला, शेजारीपाजारी बोलावणं गेलं, आणि मालकांनी ही बातमी गावभर केली. त्या दिवसापासून त्यांनी "कधी येतेस" विचारणं बंद केलं. मालकीणबाई कुरकुरल्या, तर म्हणाले, "आत्ताच कुठे सेट होतेय पोर. उगाच हलवू नये."

ठकी फोन करायची, पण आता बोलणं लवकर संपायचं. "बाबा, अजून काही?" ती विचारायची. "नाही गं. तू तुझं बघ," मालक म्हणायचे. त्यावर पलीकडे ती जराशी थांबायची. ते थांबणं मला ऐकू यायचं, मालकांना नाही. मग फोनही कमी झाले. संध्याकाळ झाली की मालक माझ्यावरची धूळ पुसायचे आणि फडकं हातात धरून टेलिफोनकडे बघत बसायचे. मित्रांनो, मी आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द बोललो. स्वतःचा असा एकच शब्द सांगायचा होता, 'सेटवर', आणि तेव्हा माझ्या घशात आवाज नव्हता. त्याची हुरहुर अजून जात नाही.

शेवटी एकदा फोन मालकीणबाईंनी उचलला.

"आई, बाबांचा जुना सेट आहे का गं अजून? नव्या नाटकात रेडिओचं दुकान दाखवायचंय."

"आहे की. पण तू एवढी सेट झालेली, तुला जुना कशाला?"

"कोण सेट झालंय?"

"तूच ना! बाबांना म्हणालीस."

ठकी खो खो हसत सुटली. "अगं, सेटवर आहे म्हणाले असेन! देखाव्याला आम्ही सेट म्हणतो. आज उभा करायचा, नाटक रंगभूमीवरून उतरलं की पाडायचा. मी कसली सेट होतेय!" हसता हसताच तिचा आवाज चिरकला. "आई, म्हणून बाबा मला ये म्हणत नाहीत? मला वाटलं, त्यांनी माझी वाट बघायचं सोडलं."

मालकीणबाईंनी मालकांना हाताला धरून आणलं, रिसीव्हर त्यांच्या बऱ्या कानाला लावला आणि दुसऱ्या कानात ओरडल्या, "अहो, पोरगी सेटबिट काही झालेली नाही! बोलवा तिला!"

मालकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "मी मुद्दाम हात लावला नाही गं. म्हटलं, सेट होऊ दे." आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी विचारलं, "कधी येतेस?"

ठकी आली. पोटभर बोलली, पोटभर झोपली, आणि जाताना मला घेऊन निघाली. मालक पक्कड घेऊन आले. "तो वाकडा खिळा तरी काढतो. लोक काय म्हणतील?"

"राहू द्या, बाबा. पाठ कोण बघतंय?"

त्यांनी मला आपल्या चादरीत गुंडाळलं, दोरीने आवळलं आणि म्हणाले, "सांभाळून जा." मला म्हणाले की तिला, ते कळलं नाही.

आता मी सेटवरचा सेट आहे. ठकीने ते दुकान आठवणीने जसंच्या तसं उभं केलंय. मेजाच्या कडेला बापलेकीची कोपरं टेकायची तिथला रंगसुद्धा तिने घासून काढलाय. माझ्या पोटात एक छोटा स्पीकर बसवलाय आणि प्रयोगात मी उसन्या आवाजात बोलतो. टाळ्या पडतात. पण पडदा पडला की मला घरची फळी आठवते. मी नसताना तिथे संध्याकाळी मालक काय पुसत असतील?

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं माझ्यासारख्याने शेवटी सांगायचं असतं. जरूर जपा. पण ऐकलेला शब्द नीट कळला नाही तर एकदा विचारून घ्या, आणि लांब गेलेल्या माणसाला "कधी येतेस" म्हणायला कशाचीही वाट बघू नका. माणसं काही सरसाने जोडलेली नसतात.

कालच ठकी माझ्याशेजारी ठोकाठोक करत होती. फोन वाजला.

"बाबा, मी सेटवर आहे!" ती ओरडली.

"कळलं गं!" मालकांचा आवाज माझ्यापर्यंत आला. "कधी येतेस?"

"नाटक उतरलं की निघालेच."

"ये. आणि येताना माझा सेट घेऊन ये."

कसला सेट, हे तिला विचारावं लागलं नाही. तिने हातोडी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवरचा तो वाकडा खिळा बोटाने चाचपला.