पुढे ढकललेल्या निवडणुकीची उमेदवार

रुदैनानं सतरा वर्षं पॅलेस्टाईनमधल्या एका सरकारी शाळेत गणित शिकवलं आणि मार्चमध्ये राजीनामा दिला. निवडणुकीला उभं राहायचं तर सरकारी नोकरी सोडावी लागते, असा कायदा आहे. राजीनाम्याची प्रत जोडल्याशिवाय उमेदवारी अर्ज घेत नाहीत. अपक्षांनी मिळून उभ्या केलेल्या उमेदवारांच्या यादीत ती नवव्या क्रमांकावर होती. संसदेचं मतदान मे महिन्यात व्हायचं होतं, पंधरा वर्षांतलं पहिलंच. एप्रिलच्या शेवटी, रमजानात, टीव्हीवर घोषणा झाली: जेरुसलेममध्ये मतदान घ्यायला इस्रायल परवानगी देत नाही, सबब निवडणूक पुढे ढकलण्यात येत आहे. नवी तारीख दिली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीत तिसऱ्यांदा गेली. नव्या वर्षाच्या नेमणुकांची यादी पंधरा तारखेला लागणार होती. तिच्यात नाव नसलं की सतरा वर्षांची नोकरी संपली. तिचा नवरा हातेम इस्रायलनं बांधलेल्या भिंतीपलीकडे एका इस्रायली कंत्राटदाराकडे गवंडीकाम करायचा. भिंतीवरचा तपासणी नाका बंद झाला की त्याची कमाईही बंद.

उपअधिकारी अबू नजमी तिला थोरल्या मुलाच्या नावानं, सगळ्या गावासारखाच, उम्म कैस, म्हणजे कैसची आई, म्हणायचा.

"उम्म कैस, पुन्हा आलात? बसा. कॉफी?"

"कॉफी दोनदा झाली. नेमणूक द्या."

"कशी देऊ? तुम्ही उमेदवार आहात. उमेदवाराला नोकरीत घेता येत नाही."

"कुठल्या निवडणुकीची उमेदवार?"

"पुढे ढकललेल्या."

"ती कधी आहे?"

"जेरुसलेममध्ये मतदान होईल तेव्हा."

"आणि ते कधी होईल?"

"वाटाघाटी सुरू झाल्या की."

"वाटाघाटी कोण करणार?"

"निवडून आलेले लोक," अबू नजमी म्हणाला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण त्यानं लगेच शिपायाला हाक मारून कॉफी सांगितली.

"मी उमेदवारी मागे घ्यायलाही तयार होते," रुदैना म्हणाली. "निवडणूक आयोगाला फोन केला. म्हणाले, माघारीची मुदत एप्रिलमध्येच संपली. पलीकडे इस्रायलमध्ये दोन वर्षांत चार निवडणुका झाल्या. हातेमचा कंत्राटदार त्याला म्हणतो, हवी तर आमच्यातली एखादी घेऊन जा. त्यांचे पुढारी म्हणतात, तुमच्याकडे बोलायला कोणी नाही. आपले म्हणतात, त्यांच्याकडे ऐकायला कोणी नाही. आणि खुर्चीवरून एकही उठत नाही."

"हळू बोला. दार उघडं आहे."

"मग लावा."

त्यानं उठून दार लावलं आणि खणातून एक कागद काढला. "तुमच्या उमेदवारांच्या यादीतल्या तिघांनी हा अर्ज केला. 'कौटुंबिक कारणास्तव दिलेला राजीनामा मागे घेत आहे.' खाली सही. पंधरा तारखेच्या यादीत तुमचं नाव असेल, हा माझा शब्द."

"आणि उमेदवारी?"

"राजीनामाच नाही तर उमेदवारी कसली? आपोआप बाद."

"म्हणजे उद्या तारीख जाहीर झाली तर मी नाही."

"अहो, कसली तारीख! कैसचं लग्न होईल, नातवंडं शाळेत येतील, पण तारीख येणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवा."

"ठेवते. लिहून द्या."

"काय?"

"निवडणूक होणार नाही, असं. तुमची सही, कचेरीचा शिक्का. मी लगेच कौटुंबिक कारण लिहिते."

अबू नजमी हसला. ती हसली नाही. तिनं एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं पेन उघडलं, कागदाकडे बराच वेळ पाहिलं आणि टोपण परत लावलं.

"मलाही मुलं आहेत, उम्म कैस."

"माहीत आहे. तिघांना मीच भागाकार शिकवलाय."

मग त्याच कागदावर तिनं स्वतः लिहिलं: निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला होता. निवडणूक झाली नाही. मला परत घ्यावं.

"हे वर पाठवता येणार नाही," तो म्हणाला.

"वर कोण वाचतं?"

"कोणीच नाही."

"मग अडचण काय आहे?"

त्यानं शिक्का मारला.

पंधरा तारखेला यादी लागली. कौटुंबिक कारण लिहून देणाऱ्या तिघांची नावं होती. तिचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना हातेम म्हणाला, "दोन शब्दांचा प्रश्न होता."

"कौटुंबिक कारण? म्हणजे तू आणि कैस. तुमच्यामुळे मी नोकरी सोडली, असं लिहून देऊ?"

"लिहायचंस. आम्ही काही बोललो नसतो."

"तेच तर. आपल्याकडे कोणीच काही बोलत नाही."

जुलैत ती एका खासगी शाळेत मुलाखतीला गेली. पगार निम्मा, तास दीडपट. मुख्याध्यापिका सित्त विदाद, म्हणजे विदादबाई, साठीच्या होत्या आणि चष्म्यावरून बघत बोलायच्या. आधीची नोकरी का सोडली, या रकान्याशी त्यांचं बोट थांबलं.

"निवडणूक लढवण्यासाठी," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "असं? मग किती मतं पडली?"

"आपल्या पुढाऱ्यांना पंधरा वर्षांत पडली तेवढीच."

सित्त विदाद यांनी अर्जावर सही केली आणि आठवी ते दहावीचं वेळापत्रक तिच्या हातात दिलं.