स्वतःच लिहिलेला रिपोर्ट

दुसऱ्यांचं रक्त, लघवी, थुंकी तपासण्यात या माणसाची वीस वर्षं गेली. लॅबमध्ये याच्या नजरेतून काही सुटत नाही, असं मालकच सांगायचे. सात वर्षांपूर्वी, लग्नाला तीन वर्षं होऊनही पाळणा हलेना तेव्हा, त्यानं स्वतःचं वीर्य मायक्रोस्कोपखाली धरलं. एकही शुक्राणू दिसेना. तीनदा काच बदलली. शून्य ते शून्यच.

आता शहाण्या माणसानं डॉक्टर गाठला असता की नाही? यानं मात्र शून्य म्हणजे खेळ खलास, असं परस्पर ठरवून टाकलं. मोजायला शिकला होता, शून्य कशामुळे येतं ते विचारायची लाज. लॅबचाच छापील कागद घेतला, सहा कोटी लिहिलं, खाली सही ठोकली आणि बायकोच्या हातात दिला.

मग काय, सगळं बालंट बायकोवर. सात वर्षं इंजेक्शनं, तपासण्या, वर सासूचे टोमणे. "माझ्या मुलात खोट नाही, कागद आहे घरात," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. हा मान खाली घालून जेवायचा, मेला.

नव्या डॉक्टरीणबाई खमक्या निघाल्या. जुने कागद बाजूला सारून त्यांनी आधी याचीच तपासणी केली आणि दोघांना समोर बसवलं.

"शुक्राणू आत तयार होतात, पण बाहेर आणणारी नळीच यांना जन्मापासून नाही. सुईनं काढून घेता येतात, फार मोठं काम नाही." मग त्या बायकोकडे वळल्या. "पण तुमची एकेचाळिशी आली. तुमची बीजं जवळपास संपलीत. सात वर्षांपूर्वी आला असतात तर जमण्यासारखं होतं."

बायकोनं जुना कागद पुढे ओढला. "ही सही तुमची आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

घरी येताना ती एवढंच बोलली, "आईंना तुम्ही सांगायचं. आज, माझ्यासमोर."

दारातच सासूनं विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण?"

बायको त्याच्या शेजारी थांबली. त्यानं आईकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"हिचं वय झालंय म्हणाली."

"मी म्हणतच होते," सासू म्हणाली.

बायको आल्या पावली परत फिरली.