पडवी वाचवायला आलेले मेहुणे

घराला खेटून उगवलेल्या दोन रानटी झाडांची मुळं पडवीखाली शिरत होती, आणि पडवी म्हणजे माझ्या बायकोचा जीव की प्राण. म्हणून झाडं तोडायला तिने आपले तीन भाऊ बोलावले. तिघांची अक्कल एकत्र केली असती तरी चमचा भरला नसता.

"भाऊजी, तुम्ही नुसते बघा," थोरला म्हणाला.

मी पडवीत चहा घेऊन बसलो. झाड घरावर पडू नये म्हणून या शहाण्यांनी जाड दोराचं एक टोक झाडाला बांधलं आणि दुसरं पडवीच्या खांबाला!

"अरे, झाड पलीकडे पडलं तर?"

"मग तर उत्तमच की!"

झाड पलीकडेच पडलं. पडवी कौलांसकट उठली आणि त्याच्यामागोमाग थेट रस्त्यापर्यंत गेली. आत मी होतोच. शप्पथ सांगतो, कपातला थेंबही सांडला नाही.

"ताई, घराला ओरखडा नाही!" थोरला छाती फुगवून म्हणाला.

बायकोने त्याच्या हातातली कुऱ्हाड हिसकावली. "खबरदार दुसऱ्या झाडाला हात लावाल तर! बसायला आता तेवढीच सावली उरलीये."